चेंडू एक, पोरं सगळी



या धड्यात आपण एका खेळाविषयी वाचणार आहोत. खेळाचे नाव फुटबॉल. कुणी म्हणेल, "गुरुजी, आम्ही आत्ता कुठे वाचायला शिकलो. शेतीचं सांगा, दुधाचं सांगा, कर्जाचं सांगा. खेळाचं काय घेऊन बसलात?"

विचारणे बरोबर आहे. पण थोडे थांबा. हा धडा खेळाचा आहे, तसाच तो हिशेबाचाही आहे. आणि सगळ्यात जास्त तो आपल्या पोरांचा आहे. गावात चेंडू आला की काही पोरे मैदानात उतरतात आणि काही बांधावर बसून बघतात. बांधावर कोण बसते? का बसते? त्याला मैदानात आणायला किती पैसे लागतात? हे आज आपण पाहू.

खेळ मुळात स्वस्त

फुटबॉल आपल्या मुलखाला नवा नाही. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. तिथल्या शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की मैदान माणसांनी फुलून जाते. ज्या तालमीत पैलवान घडले, त्याच तालमीच्या नावाने पोरे चेंडू खेळतात.

खेळ असा आहे. दोन बाजू असतात. प्रत्येक बाजूला अकरा गडी. चेंडू पायाने मारायचा, डोक्याने मारला तरी चालतो. हात लावायचा नाही. हात फक्त गोल राखणाऱ्याने लावायचा, तोही आपल्या गोलापुढच्या ठरलेल्या जागेतच. चेंडू समोरच्या गोलात गेला की एक गोल झाला. मोठ्या माणसांचा सामना नव्वद मिनिटांचा असतो. लहान मुलांचा कमी वेळाचा ठेवता येतो.

आता पाहा, यात सामान काय लागले? एक चेंडू आणि मोकळी जागा. क्रिकेटला बॅट लागते, स्टंप लागतात, पॅड लागतात. इथे दोन दगड ठेवले की गोल झाला. म्हणून जगात गरिबातली गरीब पोरेही हा खेळ खेळतात. कुठे चिंध्यांचा चेंडू करतात, कुठे प्लास्टिकच्या पिशव्या सुतळीने आवळून बांधतात.

आपल्या देशाचा संघ १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये खेळला. समोर फ्रान्सचा संघ होता. आपले बहुतेक गडी अनवाणी खेळले. सामना फ्रान्सने दोन विरुद्ध एक असा जिंकला, पण आपली पोरे शेवटपर्यंत झुंजली. आठ वर्षांनी, १९५६ साली, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये आपला संघ चौथा आला.

अनवाणीच खेळावे असे मात्र आम्ही म्हणत नाही. पाय मोलाचा आहे. सराटा रुततो, काच लागते. मोठ्या स्पर्धेत बूट आणि नडगीचे संरक्षण लागतेच. आमचे म्हणणे एवढेच, की बूट नाहीत म्हणून पोराने खेळायचेच नाही, असा नियम गावात कुणी करू नये.

मग खेळ महाग कसा होतो?

खेळ आपण महाग करतो. कसे ते पाहा.

आधी कुणी म्हणतो, "सगळ्यांचे कपडे सारखे पाहिजेत." मग कुणी म्हणतो, "बूट पाहिजेत." मग स्पर्धेची प्रवेश फी येते. मग गाडीभाडे येते. मग शिकवणारा बाहेरून येतो, त्याची महिन्याची फी येते. एकेक गोष्ट वाईट नाही. पण सगळ्यांची बेरीज झाली की मजुराच्या घरचा मुलगा हळूच मागे सरतो. तो बापाकडे पैसे मागत नाही. "मला खेळायचंच नाही," असे घरी सांगतो. आम्ही शाळेत उभा जन्म काढला. सहलीच्या वेळी, स्नेहसंमेलनाच्या वेळी हे वाक्य आम्ही पुष्कळ पोरांच्या तोंडून ऐकले. "मला नाही जायचं" याचा अर्थ बहुतेक वेळा "आमच्याकडे पैसे नाहीत" असाच असतो.

हे आपल्याच देशात होते असे नाही. अमेरिका श्रीमंत देश आहे. पण तिथेही पुष्कळ क्लबांत फुटबॉल खेळायला मुलामागे वर्षाला हजारो डॉलर भरावे लागतात. ज्यांना जमत नाही त्यांची मुले मागे राहतात. तिथली जाणती माणसेही आता विचारतात, की एका चेंडूचा खेळ एवढा महाग का झाला?

तेव्हा देश श्रीमंत असला म्हणजे सगळी मुले खेळतात असे नाही. ज्या गावाने "सगळी खेळतील" असे ठरवले, तिथे सगळी खेळतात.

नागपूरची गोष्ट

नागपुरात विजय बारसे नावाचे गृहस्थ हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. २००१ सालची गोष्ट. पावसाचे दिवस होते. झोपडपट्टीतली काही पोरे चिखलात खेळताना त्यांना दिसली. त्यांच्याकडे चेंडू नव्हता. एक फुटकी बादली होती. तिलाच पोरे लाथा मारत होती आणि खेळात अगदी रंगून गेली होती.

बारसे सरांनी पाहिले, की जोवर ही पोरे खेळत आहेत तोवर ती वाईट नादापासून दूर आहेत. त्यांनी त्या पोरांना खरा चेंडू दिला. मग त्यांनी झोपडपट्ट्यांतल्या संघांचे सामने भरवायला सुरुवात केली. लोक त्याला झोपडपट्टी फुटबॉल म्हणू लागले. त्यातून संस्था उभी राहिली. ती 'स्लम सॉकर' या नावाने जगात माहीत झाली. २०१६ साली फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने या संस्थेला, भेदभावाविरुद्ध केलेल्या कामासाठी, पुरस्कार दिला. सरांच्या कामावरून नागराज मंजुळे यांनी 'झुंड' नावाचा चित्रपट काढला. तो २०२२ साली आला. तुमच्यापैकी कुणी पाहिलाही असेल.

बेघर लोकांच्या संघांची एक जागतिक स्पर्धा असते. ती २००३ साली ऑस्ट्रिया देशातल्या ग्राझ शहरात सुरू झाली. तिथे एका बाजूला चारच गडी मैदानात असतात आणि सामना चौदा मिनिटांचा असतो. मैदानही छोटे. नागपूरच्या या संस्थेमार्फत आपल्या देशातली गरीब वस्त्यांतली मुलेमुली त्या स्पर्धेला गेली आहेत.

यातून काय घ्यायचे? बारसे सर बंगल्यांच्या रांगेत चेंडू घेऊन गेले नाहीत. ज्यांच्याकडे फुटकी बादली होती त्यांच्याकडे गेले. आधी फी, मग गणवेश, मग खेळ, असा क्रम त्यांनी लावला नाही. आधी खेळ सुरू केला. बाकीचे मागून आले.

माथारेची गोष्ट

आता जरा लांब जाऊ. आफ्रिका खंडात केनिया देश आहे. त्याची राजधानी नैरोबी. त्या शहरात माथारे नावाची फार मोठी झोपडपट्टी आहे. पत्र्याच्या झोपड्या, अरुंद बोळ, तुंबलेली गटारे आणि कचऱ्याचे ढीग.

१९८७ साली तिथे मुलांची एक क्रीडा संस्था निघाली. बॉब मन्रो नावाच्या कॅनडाच्या गृहस्थांनी ती सुरू केली. मुलांना सामने हवे होते. संस्थेने सांगितले, "सामने भरवू. पण तुम्ही आपली वस्ती साफ केली पाहिजे." मग मुलांनी फावडी आणि ढकलगाड्या घेतल्या. गटारे उपसली, कचरा उचलला.

यात एक युक्ती होती. जो संघ सफाईला येईल त्याला स्पर्धेच्या तक्त्यात त्याचे गुण मिळत. म्हणजे नुसते गोल करून पहिला नंबर येत नसे. झाडू धरला तरच येत असे. पैशाऐवजी श्रमाची फी! श्रम तर गरीबही देऊ शकतो आणि श्रीमंतही.

पुढे १९९२ साली तिथे मुलींचेही संघ सुरू झाले. मोठी मुले लहानांना शिकवू लागली. जी मुले असे काम करत त्यांच्या कामाचे गुण मांडले जात आणि त्यातून त्यांच्या शाळेची फी भरली जाई. या पोरांतून १९९४ साली माथारे युनायटेड नावाचा मोठा संघ तयार झाला. २००८ साली तो संघ केनियाच्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत पहिला आला.

आपल्याकडे म्हण आहे, "गाव करी ते राव न करी." माथारेच्या पोरांनी ती खरी करून दाखवली.

लेकींनी खेळावे का?

हा प्रश्न आमच्यापुढे नेहमी येतो. एक आजी आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, पोरीच्या जातीनं मैदानात धावायचं म्हणजे लोक काय म्हणतील?"

आम्ही त्यांना विचारले, "आजी, तुम्ही लहानपणी पंचमीला फुगडी घातलीत ना? झिम्मा खेळलात ना?"

आजी म्हणाल्या, "रात्र रात्र खेळलो."

"मग दमलात का? बिघडलात का?"

आजी हसल्या. म्हणाल्या, "तेवढेच दिवस मोकळा श्वास मिळायचा बघा."

तोच मोकळा श्वास नातीला मिळू द्या, एवढेच आमचे मागणे आहे.

झारखंड राज्यात रांचीजवळ काही खेडी आहेत. तिथे २००९ साली 'युवा' नावाच्या संस्थेने गरीब घरांतल्या मुलींसाठी फुटबॉल सुरू केला. या मुली घरचे पाणी भरत, शेतात राबत आणि मग खेळायला येत. २०१३ साली त्यांचा संघ स्पेन देशात गेला आणि तिथल्या एका स्पर्धेत तिसरा आला. त्याच संस्थेने पुढे मुलींसाठी शाळाही काढली. २०१९ साली तिला लॉरियस हा जगभर गाजलेला क्रीडा पुरस्कार मिळाला.

स्पेनला जाणे ही एक बाजू झाली. आमच्या मते दुसरी बाजू मोठी आहे. जी मुलगी रोज मैदानात येते तिला मैत्रिणी मिळतात. ती चार लोकांत बोलायला शिकते. तिचे लग्न लहानपणीच उरकायचे घाटले, तर ते कळणारी आणि विचारणारी दहा माणसे तिच्या मागे असतात.

मुलींसाठी गावाने तीन गोष्टी कराव्या. खेळाची वेळ उजेडात ठेवावी. मैदानावर एखादी जाणती बाई हजर असावी. आणि खेळायच्या वेळी पोरीला पाण्याला किंवा सरपणाला धाडू नये. ते काम भाऊही करू शकतो.

बांधावर आणखी कोण बसले आहे?

जरा नजर टाका.

गावाबाहेरच्या वस्तीतला मुलगा बसला आहे. त्याला कुणी हाकलले नाही. पण कुणी बोलावलेही नाही. आपल्या देशाच्या घटनेने सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. ती पाळणे हा गुन्हा आहे. तेव्हा मैदानावर पाण्याचा हंडा एक आणि पेला एक. ज्याला हे चालत नाही त्याने घरी बसावे, पोरांना बसवू नये.

ऊसतोडीला आलेल्यांची पोरे बसली आहेत. दिवाळीच्या सुमाराला त्यांचे आईबाप येतात, शिवारात कोप्या घालतात आणि हंगाम संपला की जातात. ही पोरे चार-पाच महिने आपल्या गावची असतात. त्यांना हाक मारा. त्यांच्यासाठी नाव नोंदवायची गरज नाही.

एक पाय अधू असलेली मुलगी बसली आहे. तिला गोल राखू द्या, चेंडू आत फेकू द्या. लहान मुलांच्या सामन्यात ती शिट्टी वाजवून पंच होऊ शकते. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी शिट्टीबरोबर हातातला रुमाल हलवा. खेळ मुलासाठी आहे. मूल खेळासाठी नाही.

आणि ज्याला चांगले खेळताच येत नाही असाही एक मुलगा तिथे बसला आहे. त्याचे काय? नॉर्वे नावाच्या देशाने लहान मुलांच्या खेळाचे नियम केले. २००७ सालच्या त्या नियमांत असे होते, की मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत त्याच्या सामन्यांचे गुणतक्ते लावायचे नाहीत. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना बक्षीस द्यायचे तर सगळ्यांना द्यायचे. लहानपणी सगळ्यांनी खेळावे, चढाओढ मागून आहेच, हा त्यामागचा विचार. आपणही लहानांच्या खेळात हाच विचार ठेवावा.

आता हिशेब करू

कागद आणि पेन्सिल घ्या. वाचता येऊ लागले, आता मांडताही आले पाहिजे. खालचे भाव आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत. तुम्ही आपल्या बाजारातले भाव घाला.

समजा, गावात तीस मुले-मुली खेळणार आहेत.

दोन फुटबॉल, प्रत्येकी ६०० रुपये: १,२०० रुपये
हवेचा पंप आणि सुया: २०० रुपये
मैदान आखायला चुना: १०० रुपये
मलमपट्टीचे सामान: २५० रुपये
दुरुस्तीसाठी शिल्लक: २५० रुपये
एकूण: २,००० रुपये

हे पैसे खेळणाऱ्या तीस पोरांकडून घेतले, तर प्रत्येकी जवळजवळ ६७ रुपये पडतील. ज्या घरात तीन पोरे आहेत त्या घराला २०१ रुपये. त्या घरची तीनही पोरे येणार नाहीत. एखादा मुलगा येईल, पोरी राहतील.

आता दुसऱ्या तऱ्हेने करा. गावात शंभर घरे आहेत असे धरा. घरटी २० रुपये. वीस गुणिले शंभर म्हणजे २,००० रुपये झाले. पोर खेळो न खेळो, गणपतीची वर्गणी देतो तशी ही वर्गणी द्यायची. ज्याला जमत नाही त्याने एक दिवस मैदानावर श्रम द्यावेत. कुणी काय दिले याची यादी चावडीवर लावू नये. थेंबे थेंबे तळे साचे.

आणि तीस जोड बूट घेतले असते तर? एक जोड ५०० रुपये धरला तरी १५,००० रुपये झाले. तेव्हा आधी मैदान साफ करा. सगळ्यांनी एका रांगेत चालून सराटे, काचा, खिळे आणि दगड वेचा. हे काम फुकट होते आणि त्याचा फायदा तीसही जणांना होतो. ज्या मोठ्या पोरांचे बूट आखूड झाले त्यांचे पेटीत जमा करा. ज्याच्या पायात बसतील त्याने घालावे.

सारखे कपडे नकोत. जुन्या लुगड्याच्या किंवा धोतराच्या पट्ट्या रंगवा. एका बाजूने दंडाला लाल पट्टी बांधावी, दुसऱ्या बाजूने बांधू नये. झाला गणवेश.

तीस पोरे, कुणीही बसू नये

आणखी एक हिशेब. अकरा-अकरा गड्यांचे दोन संघ केले तर बावीस खेळतात. तीसांतून बावीस गेले, आठ उरले. ते आठ बसतात. आणि रोज तेच आठ बसतात.

आता पाच-पाच गड्यांचे संघ करा. एका छोट्या मैदानावर दहा जण खेळतात. मोठ्या मैदानाचे तीन तुकडे पाडले तर तीन दाहे तीस. कुणीही बसले नाही! छोटे मैदान लांबीला तीस पावले आणि रुंदीला वीस पावले असले तरी पुरते. चेंडू मात्र तीन लागतील. हिशेबातले दोन खरे आहेत, तिसरा पोरांनी चिंध्यांचा करावा किंवा घरचा जुना आणावा, आणि तो पाळीपाळीने सगळ्यांच्या वाट्याला यावा. छोट्या मैदानात चेंडू प्रत्येकाच्या पायाशी जास्त वेळा येतो. पोर लवकर शिकते.

वयाप्रमाणे गट पाडा. सहा ते नऊ, दहा ते बारा, आणि तेरा ते सोळा. मोठ्यांचा चेंडू पाच नंबरचा असतो. त्याचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते. तो लहानग्यांना जड होतो. मधल्यांना चार नंबरचा आणि लहानांना तीन नंबरचा चेंडू बरा. विकत घेताना नंबर वाचून घ्या. तो चेंडूवर छापलेला असतो. दुकानदार देईल तो घेऊ नका.

संघ पाडताना दोन पुढाऱ्यांनी आवडते गडी निवडू नयेत. शेवटी उरणाऱ्या पोराच्या मनाला ते फार लागते. चिठ्ठ्या टाका. गावठाणातला, वस्तीवरचा, कोपीवरचा, सगळे एकाच डब्यात.

चेंडूची आणि पोरांची काळजी

पंपाची सुई चेंडूत घालण्याआधी ओली करावी. कोरडी सुई घातली तर तोंड फाटते. चेंडू उन्हात टाकून ठेवू नये. बाभळीखाली खेळू नये. काटा रुतला तर आधी सायकलवाल्याला दाखवावा, लगेच नवा घेऊ नये.

चेंडू, पंप आणि पट्ट्या एका पेटीत ठेवाव्या. पेटी एकाच्या घरी नको. शाळेत किंवा बचत गटाकडे ठेवावी. एक वही करावी. तारीख, काय नेले, कुणी नेले, परत कधी आले, एवढे चार रकाने पुरेत. वही लिहायचे काम नव्याने लिहायला शिकलेल्यांनी करावे. सरावही होईल.

गोलाचे खांब जड असतील तर जमिनीत घट्ट गाडा. सुटा खांब पोराच्या अंगावर पडून जीवही जाऊ शकतो. विजा कडाडू लागल्या की खेळ थांबवा आणि झाडाखाली उभे राहू नका. उन्हाळ्यात सकाळी किंवा दिवस कलल्यावरच खेळा. पाण्याचा हंडा भरलेला असू द्या. आणि एक जाणते माणूस मैदानावर कायम हवे. पोरांना मारणारा, घाणेरडे बोलणारा माणूस शिकवायला ठेवू नका, मग तो कितीही चांगला खेळाडू असो.

शाळेकडे काय मागता येते?

पुष्कळांना हे ठाऊक नसते, म्हणून सांगतो. मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्यात म्हटले आहे, की शाळेला खेळाचे मैदान असावे आणि प्रत्येक वर्गाला लागेल तसे खेळाचे साहित्य द्यावे. ही मेहेरबानी नाही, कायदा आहे.

त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात चारांतले तीन सभासद आईबाप किंवा पालक असले पाहिजेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका असल्या पाहिजेत. म्हणजे त्या समितीत तुम्हीच आहात.

२०१८ साली समग्र शिक्षा नावाची योजना आली. तिच्यात खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिक शाळेला १०,००० रुपयांपर्यंत आणि माध्यमिक शाळेला २५,००० रुपयांपर्यंत तरतूद केली होती. आपल्या शाळेला यंदा काय मिळाले, हे मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारावे.

२०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉलचा विश्वचषक आपल्या देशात झाला. काही सामने नवी मुंबईत झाले. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. त्याचे वडील रिक्षा चालवत. त्या वर्षी सरकारने शाळाशाळांना फुटबॉल वाटले. आपल्या शाळेतले ते चेंडू कुठे आहेत, याची चौकशी करा. कपाटात कुलूपबंद असले तर बाहेर काढा. खेळून फाटलेला चेंडू कामी आला. कपाटात सुकलेला चेंडू वाया गेला.

अर्ज असा लिहावा:

*मा. अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती, यांस,*
*विनंती अर्ज. आमच्या गावातल्या सर्व मुलामुलींना शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी खेळता यावे. शाळेत फुटबॉल असल्यास ते खेळायला मिळावेत. मैदानाची सफाई व सामानाची नोंद गावकरी करतील. खेळासाठी कोणाकडूनही फी घेतली जाणार नाही. येत्या सभेत या विषयावर निर्णय व्हावा.*
*आपले नम्र,*
*(खाली सह्या)*

अंगठा नको. सही करा. आता तुम्हाला येते. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या.

शेवटचे दोन शब्द

सगळी पोरे मोठे खेळाडू होणार नाहीत. तीसांतला एखादा जिल्ह्याला जाईल किंवा कुणीच जाणार नाही. म्हणून खेळ वाया गेला असे समजू नका. जी पोरे एका चेंडूमागे धावली, एका हंड्यातले पाणी प्यायली, हरल्यावर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून घरी गेली, तीच पोरे उद्या गावाचा कारभार बघणार आहेत. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण होईल तेव्हा त्यांना आठवेल, की समोरचा माणूस आपल्याच संघात होता.

एवढ्यासाठी घरटी वीस रुपये जास्त नाहीत.

प्रश्न

१. फुटबॉल मुळात स्वस्त खेळ का आहे? तो महाग कशाने होतो?
२. माथारेच्या मुलांना सफाईचे गुण का देत असत? आपल्या गावात असे कोणते काम ठरवता येईल?
३. तुमच्या गावात बांधावर कोण बसते? त्यांची यादी करा.
४. गावात ८० घरे आहेत. २,००० रुपये जमवायचे आहेत. घरटी किती रुपये पडतील?
५. चाळीस मुले आहेत. पाच-पाच गड्यांचे संघ पाडायचे आहेत. किती संघ होतील? किती छोटी मैदाने लागतील?

करून पाहा

येत्या रविवारी दहा जणांनी मिळून मैदान साफ करावे. मग घरोघर जाऊन पोरांना हाक मारावी. पहिली हाक गावाच्या शेवटच्या घरी द्यावी.